धुराचा दुसरा कोन

कुरुंडाच्या टेकडीवरचा मनोरा तसा फार उंच नाही. पण भोवताली सगळा सपाट मुलूख, त्यात मैलोन्‌मैल पाइनची लागवड, त्यामुळे वरच्या काचेच्या खोलीतून पार समुद्राकडच्या धुकट रेघेपर्यंत दिसतं. उन्हाळ्याचे महिने, तिकडे डिसेंबर ते मार्च, कोरॅली नोस्के तिथे बसायची. आधी ती गावातल्या लाकडाच्या गिरणीत कारकून होती. गिरणी बंद पडल्यावर लागवडवाल्या कंपनीने तिला हे काम दिलं. काम एवढंच की बघत राहायचं. कुठे धूर उठला की खोलीच्या मधोमध बसवलेल्या अंशांच्या तबकडीवरून त्याचा कोन घ्यायचा आणि रेडिओवरून नियंत्रण कक्षाला कळवायचा.

एका मनोऱ्याच्या कोनाने भागत नाही. नकाशावर नुसती एक रेघ उमटते, आणि धूर त्या रेघेवर कुठेही असू शकतो. दुसऱ्या मनोऱ्याने कोन दिला की दोन रेघा जिथे छेदतात तिकडे बंब धावतात. कोरॅलीचा जोडीदार होता पश्चिमेकडच्या टेकडीवर बसणारा बेव्हन ड्रूरी. सत्तरी कधीच ओलांडलेला. जन्मभर वाकून मेंढ्या कातरल्यामुळे पाठ कामातून गेलेली, डोळे मात्र घारीचे. हंगाम सुरू होताना कंपनीच्या बैठकीत दोघं भेटायची, चहाबरोबर कोरडी बिस्किटं खायची. त्यानंतर हंगामभर ओळख फक्त आवाजाची.

"कोरॅली, नदीच्या वळणापाशी धूर दिसतोय का गं तुला?"

"म्हाताऱ्या, तो ट्रॅक्टरचा धुरळा आहे. चष्मा पूस."

"चष्मा बायको वापरते. मी नाही."

पहिली काही वर्षं असंच चाललं. धूर आधी कोण बघतो यावर दोघांची चुरस असायची आणि बहुतेक वेळा कोरॅलीच जिंकायची.

मग तिचे वडील वारले. मागे एक जुनी मोटार आणि एका खाण कंपनीचे थोडे शेअर राहिले. मोटार भावाने नेली, शेअर कोरॅलीच्या वाट्याला आले. ते फोनवर कसे बघायचे हे तिला बँकेतल्या मुलीने शिकवलं. घरी फोनला धड रेंज यायची नाही, टेकडीवर मात्र लख्ख यायची. एक दिवस सहज बघितलं तर भाव वाढला होता. तिने ते विकून दुसरे घेतले, तेही वाढले. त्या वर्षी पश्चिमेकडे वाळवंटात कुठे कुठे बॅटरीसाठी लागणारा धातू सापडत होता, आणि ज्या कंपनीकडे एक तंबू आणि भोक पाडायचं यंत्र आहे तिचाही भाव फुगत होता. कोरॅलीने त्यातली एक अगदी तळाला धरली आणि चौपट झाल्यावर सोडली. त्या पैशांतून तिने नवऱ्याला, रॉसला, मासेमारीची होडी घेऊन दिली. रॉस होडीभोवती फिरून फिरून बघत होता.

"तू आहेस तरी कोण?" तो म्हणाला. "मी लग्न केलं ती तर लाकडाच्या पावत्या फाडायची."

तोंडाला रक्त लागलं ते तिथे.

पुढे पुढे शेअर घेऊन ठेवणं तिला जमेना. सकाळी घेतलेला दुपारी विकायचा, विकलेला चढला की जीव तळमळायचा म्हणून पुन्हा घ्यायचा. चढला तर अजून हवा असायचा, पडला तर गेलेलं भरून काढायचं असायचं. थांबायला कारण म्हणून उरलंच नाही. उजवा अंगठा दुखायला लागला. शनिवारी-रविवारी बाजार बंद, तेव्हा ती घरभर कपाटं आवरत फिरायची आणि रॉसने पेला जोरात ठेवला तरी अंगावर यायची. जानेवारीतल्या सुट्टीला बहिणीकडे सगळे अंगणात मांस भाजत होते तर ही न्हाणीघरात कडी लावून परदेशातले सोन्याचे भाव बघत बसली. बहीण दारावर थापा मारून विचारत होती, "बरी आहेस ना गं?"

"पोट बिघडलंय," कोरॅली आतून म्हणाली. असलं खोटं तिला आता विचारही न करता सुचायचं.

घराचं छप्पर बदलायला दोघांनी बाजूला ठेवलेले पैसे होते. ते बँकेत आहेत असं रॉस धरून चालला होता. ते बँकेत नव्हते.

त्या उन्हाळ्यात बेव्हन धूर आधी बघायला लागला. एकदा, दोनदा, मग नेहमीच. सुरुवातीला त्याने चिडवलं. "पोरी, म्हातारी झालीस." मग चिडवायचं सोडून दिलं. कोन मागितला की कोरॅली क्षणभर गप्प व्हायची आणि मग धापा टाकल्यासारखी बोलायची. जणू आत्ताच कुठून तरी धावत आली होती. त्या काचेच्या खोलीत धावायला जागा किती, हे बेव्हनला ठाऊक होतं. कामाचं बोलून झाल्यावरही त्याच्या रेडिओचं बटण जरा जास्त वेळ दाबलेलं राहायचं. नुसता वाऱ्याचा आवाज यायचा आणि मग तुटायचा.

फेब्रुवारीतला तो मंगळवार. पहाटेपासूनच उत्तरेचा वारा सुटला होता, भट्टीचं दार उघडं राहावं तसा. सगळीकडे आग पेटवायला बंदी होती. कोरॅली मोटारीतून टेकडी चढली तेव्हा कुंपणाच्या तारेवर मॅगपाय पक्षी चोची वासून बसले होते, ओरडत नव्हते. रॉस गावातल्या स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलात होता. तो सकाळीच बंबाच्या शेडवर जाऊन बसला होता. अशा दिवशी सगळेच बसतात, पत्ते खेळतात, आणि पत्त्यांत कुणाचंच लक्ष नसतं.

त्याच दिवशी कोरॅलीच्या एका निकेलवाल्या कंपनीचा निकाल लागायचा होता. जमिनीत भोकं पाडून झाली होती, काय निघालं ते कंपनी जाहीर करणार होती, आणि तोवर तिच्या शेअरची खरेदी-विक्री थांबवली होती. छपराचे होते नव्हते ते सगळे पैसे त्यात होते. सकाळभर कोरॅली एकदा क्षितिजाकडे बघायची, एकदा फोनकडे. मग क्षितिजाकडे बघणं कमी होत गेलं. रेडिओवर सतत काहीबाही चाललं होतं, या भागात वारा किती, त्या भागात बंब कुठे. तिला ते डोक्यात खिळे ठोकल्यासारखं वाटायला लागलं. तिने रेडिओचा आवाज थोडा कमी केला. जरा वेळाने अजून थोडा.

दुपारी निकाल आला. निकेल होतं, पण नावापुरतं. भाव दगडासारखा खाली आला. कोरॅलीच्या कानांत सूं होत होतं. तिने निम्मे विकले, लगेच भाव जरा उचलला, म्हणून तिने ते परत घेतले. पुन्हा पडला. बोटं घामाने सरकत होती. तिने फोन पँटला पुसला, पुन्हा धरला. कुणीतरी कुठेतरी बोलत होतं, फार लांबून, विहिरीच्या तळातून बोलावं तसं.

"...कुरुंडा मनोरा, कुरुंडा मनोरा, उत्तर द्या. कोरॅली. अगं कोरॅली."

तिने मान वर केली. आग्नेयेला लागवडीच्या कडेला धूर उभा होता. चिमणीतून निघतो तसला पांढरा, कोवळा धूर नव्हे. तपकिरी, जाडजूड, वाऱ्याने दक्षिणेकडे कलंडलेला, आणि बुडाशी काळा. असला धूर आत्ता उठलेला नसतो.

तिने तबकडीवरून कोन घेतला आणि सांगितला. आवाज शांत होता. तिला त्या आवाजाचं बरंसुद्धा वाटलं. नियंत्रण कक्षातल्या माणसाने आकडा परत म्हणून दाखवला. बेव्हनचा कोन त्यांच्याकडे कधीच पोचला होता.

आता आवाज मोठा करून ती ऐकत राहिली. दोन रेघा छेदल्या होत्या पण उशिरा. गवतात असताना ही आग रस्त्यावर अडवता आली असती. बंब पोचले तोवर ती पाइनमध्ये घुसली होती. कुरुंडाचा बंब लागवडीतल्या एका कच्च्या रस्त्यावर होता, आणि त्यात मागे नळी धरून रॉस होता हे तिला त्याच्या मित्राच्या, गेविनच्या, बोलण्यावरून कळलं. मग वारा फिरला. दुपारनंतर तो फिरतो, हे तिथे पोरासोरांनाही माहीत असतं. आगीची जी लांब बाजू होती तेच आता पुढे धावणारं तोंड झालं.

"कुरुंडा बंब, तुमची जागा सांगा," नियंत्रण कक्ष म्हणाला.

उत्तर नाही.

"कुरुंडा बंब. कुरुंडा बंब, ऐकू येतंय का?"

नुसती खरखर. कोरॅली तबकडीची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. काचेपलीकडे धुराच्या पोटात नारिंगी काहीतरी उलटंपालटं होत होतं. अख्खा रेडिओ गप्प झाला होता. दहा-बारा बंबांवरची माणसं एका बंबाच्या आवाजाची वाट बघत होती.

तेवढ्यात मेजावरचा फोन थरथरला, आणि तिने बघितलं.

तिने ठरवून बघितलं नव्हतं. मान आपसूक वळली, डोळे आपसूक खाली गेले, आणि निकेलचा भाव दोन पैशांनी वर आलाय हे तिने वाचलं. वाचलं आणि छातीत काहीतरी सैल झालं, बरं वाटलं. रॉस कुठे होता ते तिला त्यानंतर आठवलं.

ती मागे सरकत काचेला टेकली. फोन मेजावर उताणा पडला होता, उजेड असलेला. मनोऱ्यात आपल्याशिवाय आणखी कुणी आहे आणि ते बराच काळ आपल्या अंगात राहतंय, असं तिला वाटलं. त्या कडक उन्हात तिच्या दंडांवर काटा आला.

बऱ्याच वेळाने रेडिओवर खोकल्याचा आवाज आला. "कुरुंडा बंब," रॉसचा मित्र म्हणाला. "आग अंगावरून गेली. आम्ही आत आहोत, सगळे. टायर गेलेत. कुणीतरी न्यायला या."

संध्याकाळी रॉस घरी आला तेव्हा त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. तो कपडे धुवायच्या खोलीत स्टुलावर बसला आणि बूट काढायचं विसरला.

"बंबातल्या त्या जाड, न जळणाऱ्या ब्लँकेटखाली बसलो होतो," तो म्हणाला. "गेविन मोठ्याने बायकोचं नाव घेत होता. मला वाटलं मीपण घेतोय, पण माझा आवाजच येत नव्हता."

कोरॅलीने त्याचे बूट काढले. मग सांगायचं ते सोडून ती ते घासायला घेऊन बसली.

सकाळी घरचा फोन वाजला. बेव्हन होता. एवढ्या वर्षांत त्याने घरी कधी फोन केला नव्हता.

"रॉस कसाय?"

"बराय. हात भाजलाय."

"हं. काल कंट्रोलवाल्यांनी मला विचारलं, कुरुंडाला काय झालं होतं. मी म्हटलं, तिचा रेडिओ खरखरत असेल. एकदा म्हटलं. पुन्हा म्हणणार नाही."

ती फोनची वायर बोटाला गुंडाळत होती.

"मी सात वेळा हाक मारली तुला. काय बघत होतीस, पोरी?"

"शेअर," कोरॅली म्हणाली.

"कसले शेअर?"

"खाणींचे. फोनवर."

"म्हणजे जुगार."

"जुगार नाही तो, बेव्हन. घोड्यांवर लावतात तसं नसतं ते. कंपन्या असतात, अहवाल असतात, अभ्यास करावा लागतो."

"बरं," तो म्हणाला. "अभ्यास कर. माझा भाऊ घोड्यांचा अभ्यास करायचा. त्याच्याकडे इतके कागद होते की पलंगाखाली मावायचे नाहीत." त्याने खाकरून घसा साफ केला. "मी तुझ्या डोळ्यांवर विसंबून असतो गं. माझी एकट्याची रेघ कुणाच्या कामाची नाही."

त्याने फोन ठेवला.

रॉस स्वयंपाकघरात एका हाताने टोस्टला लोणी लावायची खटपट करत होता. कोरॅली समोर बसली आणि तिने आधी छपराचं सांगितलं. तो ऐकत होता. चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "छप्पर काय, गळतंय तर गळू दे अजून एक वर्ष." मग तिने रेडिओचा आवाज कमी केल्याचं सांगितलं. तो थांबला. मग बंब उत्तर देत नव्हता तेव्हा आपण फोनकडे बघितलं, तेही सांगितलं.

"मी आत होतो तेव्हा?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि काय होता भाव?"

तिला वाटलं तो टोमणा मारतोय, पण तो खरंच विचारत होता. तिने सांगितला. तो तिला अजून तोंडपाठ होता. रॉस उठला, मागच्या शेडमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. दुपारपर्यंत आला नाही. टोस्ट ताटलीत वाळून गेला.

दुपारी ती स्वतःहून लागवडवाल्या कंपनीच्या कचेरीत गेली. मनोऱ्यांचा प्रमुख टेरी मॉफॅट सगळं ऐकून खुर्चीत मागे रेलला. वणव्यात लागवडीचा मोठा तुकडा आणि एका शेतकऱ्याच्या मेंढ्या गेल्या होत्या.

"तुला माहितीय, हे सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं," तो म्हणाला.

"एकाला कळलंय."

"वर बसवता येणार नाही आता तुला."

"मी वर बसायला नाहीच मागत, टेरी."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्या मेंढ्या गेल्या तो शेतकरी दुकानात दिसला की तिच्या अंगावरून नजर फिरवून पुढे जायचा. ती खुंटी असावी तशी. गेविनच्या बायकोने मात्र थेट पार्किंगमध्ये गाठलं.

"किती मिळाले गं त्या दिवशी?" तिने विचारलं.

"गेले. मिळाले नाहीत."

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि गाडीत बसून रडायला लागली. कोरॅली तिथेच उभी राहिली.

तिने शेअरचं खातं बंद केलं, राहिलं होतं ते सगळं विकून. पैसे रॉसच्या नावावर गेले. स्वतःचा फोन तिने रॉसला दिला आणि नुसता बोलण्यापुरता, बटणांचा, घेतला. जुगाऱ्यांना मदत करणाऱ्यांचा एक फुकटचा फोन क्रमांक असतो. त्यावर पाओला नावाची बाई भेटली. तिने कोरॅलीला फैलावर घेतलं नाही की गोंजारलंही नाही. ती विचारायची, काल कधी आठवण आली, तेव्हा हातात काय होतं, मग काय केलंत. कोरॅलीला वाटायचं, ही मला उगाच जुगारी समजतेय. एका गुरुवारी ती म्हणालीसुद्धा तसं.

"बाजार उघडायच्या वेळेला काय होतं तुम्हाला?" पाओलाने विचारलं.

"पोटात ओढल्यासारखं होतं."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी मी कपाटं आवरते."

"आता किती स्वच्छ असतील ना कपाटं," पाओला म्हणाली. खूप दिवसांनी कोरॅलीला हसू आलं, आणि हसता हसताच तिला कळलं की ही बाई आपल्यासारख्या कितीतरी कपाटवाल्यांना ओळखते.

ते महिने वाईट गेले. निकेलची ती कंपनी उन्हाळा सरल्यावर दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली आणि तिचा भाव दुपटीवर गेला. हे तिला बेकरीतल्या वर्तमानपत्रातून कळलं. ती पाव न घेता बाहेर आली आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली. गेलेल्या पैशाचं दुःख तिला समजलं असतं. हे दुःख नव्हतं, भूक होती. लागवडवाल्या कंपनीने तिला रोपवाटिकेत घेतलं होतं. पाइनची बोटभर रोपं ट्रेमध्ये सरळ लावायची, मेलेली काढायची. थंडीत हात बधिर व्हायचे आणि बधिर हात बरे वाटायचे.

रॉस कामापुरतं बोलत होता. मग हळूहळू हवेबद्दल, मग शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. रात्री झोपायच्या आधी तो फक्त एवढं विचारायचा, "आज?" आणि ती खरं सांगायची. बहुतेक दिवस "आज नाही" असायचं. काही दिवस "आज खूप वाटलं, पण नाही."

थंडी सरल्यावर, वसंतात, ते दोघं जवळच्या शहरात, गॅम्बियरला गेले, रॉसचा हात डॉक्टरांना दाखवायला. त्याला वेळ लागणार होता म्हणून कोरॅली वाचनालयात गेली. बागकामाचं काहीतरी बघायचं होतं. भिंतीशी सगळ्यांसाठी ठेवलेले संगणक होते. एक रिकामा होता. ती बसली. फक्त बघायचं, तिने स्वतःला सांगितलं, खातंच नाही तर करणार काय. पडद्यावर आकडे आले, हिरवे आणि तांबडे, आणि ते हलायला लागले. बघता बघता तिने मनात शेअर घेतले, मनात विकले, मनात नफा मोजला. मग नवं खातं उघडायचं पान कधी उघडलं ते तिला आठवत नाही. नाव भरलं होतं. जन्मतारीख भरली होती.

"बाई, बंद करायची वेळ झाली," वाचनालयातली मुलगी म्हणाली. तिच्या मागच्या खिडकीत ऊन उतरलं होतं. "कुणीतरी बाहेर वाट बघतंय तुमची. बराच वेळ झाला, मी त्यांना आत यायला सांगितलं पण ते आले नाहीत."

कोरॅलीने पान बंद केलं.

रॉस गाडीत बसला होता. ती शेजारी बसली आणि पट्टा लावायच्या आधीच म्हणाली, "आज हो."

त्याने चावी फिरवली नाही. "काय केलंस?"

"नाव आणि तारीख भरली. पुढचं नाही भरलं. ती मुलगी आली नसती तर भरलं असतं."

तो काचेतून समोर बघत राहिला. मग गाडी सुरू केली, पण घराकडे नेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी घेतल्या आणि तळ्याच्या काठाशी उतारावर गाडी लावली. बाहेर गार वारा होता म्हणून काचा वर. गाडीभर व्हिनेगरचा वास.

"उद्या त्या बाईला फोन कर. मी असताना," तो म्हणाला.

"करते."

"आणि एकटी येऊ नकोस इथे. निदान या वर्षी."

"नाही येत."

त्याने कागद दोघांच्या मध्ये ठेवला. भाजलेल्या हाताची कातडी अजून गुलाबी आणि ताणलेली होती, त्या हाताने त्याला मासा मोडता येईना. तिने तो मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. खाली तळ्याचं पाणी काळं पडत चाललं होतं. दोघं खात राहिली, आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर आपोआप वर-खाली होत होता. रॉसने ते बघितलं. तिनेही बघितलं. मग तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि धरून ठेवला.